‘ती ओरडली का नाही?’ : एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

शिरूर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, कोरेगाव भीमापासून थोड्याच अंतरावर वढू बुद्रुक हे गाव आहे. इ. स. १६८९ च्या मार्च महिन्यात छत्रपती संभाजी महाराजांना औरंगजेबाच्या आज्ञेने हालहाल करून मारण्यात आले. त्यांची समाधी या गावी आहे. वर्षाच्या बाराही महिने लोक येथे येतात, पादत्राणे काढतात आणि मस्तक टेकवितात. शरीराचे तुकडे झाले तरी मन वाकले नाही, ही येथल्या मातीची शिकवण आहे, असे सांगून वडीलधारी माणसे मुलांना इतिहास समजावतात. त्यात गैर काही नाही. प्रत्येक समाजाला अशी स्मृतिस्थळे हवी असतात.

परंतु प्रतिकाराचा गौरव करणाऱ्या समाजाच्या हातून एक चूक नकळत घडते. वीरपुरुषाला लावलेली मोजपट्टी तो भेदरलेल्या सामान्य माणसालाही लावू लागतो. ज्या स्त्रीवर बळजबरी झाली, तिला तो विचारतो : तू ओरडली का नाहीस? लढली का नाहीस? अंगावर ओरखडा कसा नाही? लगेच का आली नाहीस? हे प्रश्न घरात विचारले जातात, पारावर विचारले जातात आणि पोलीस ठाण्याच्या टेबलापलीकडूनही विचारले जातात. विचारणारा मनाने दुष्ट असतोच असे नाही. पुष्कळदा तो केवळ परंपरेने चालत आलेला प्रश्न पुढे सरकवीत असतो. ही परंपरा कोठून आली आणि ती मोडण्याचे प्रयत्न कोणी व कसे केले, याचा मागोवा घेण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा विषय शिळा झालेला नाही, हे याच तालुक्याने नुकतेच अनुभवले. दिनांक २५ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे पुण्याच्या स्वारगेट बसस्थानकात उभ्या असलेल्या एका शिवशाही गाडीत २६ वर्षांच्या तरुणीवर बलात्कार झाल्याची तक्रार नोंदविली गेली. संशयित शिरूर तालुक्यातील गुनाट गावचा. ड्रोन आणि श्वानपथके घेऊन पोलिसांनी उसाची शेते पिंजून काढली आणि २८ फेब्रुवारीच्या मध्यरात्रीनंतर त्याला गुनाट येथेच पकडण्यात आले. तो दोषी की निर्दोष, हे ठरविण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे. येथे मुद्दा निराळा आहे. आरोपी हाती लागण्यापूर्वीच तरुणीच्या वर्तनाची चर्चा सुरू झाली होती. झटापट वा विरोध न झाल्याने आजूबाजूच्या लोकांना काही कळले नाही, अशा अर्थाचे विधान राज्याच्या एका मंत्र्यांनी केले. टीका झाल्यावर, आपल्या बोलण्याचा विपर्यास झाला, असा खुलासा त्यांनी केला. विधान विसरले जाईल. परंतु ते इतक्या सहजपणे तोंडून निघाले, याचे कारण त्यामागे अनेक शतकांचा इतिहास उभा आहे.

या इतिहासाची एक पुरातन खूण आपल्याला बायबलमध्येच सापडते, आणि ती झाकून ठेवण्याचे कारण नाही. अनुवादाच्या ग्रंथातील बाविसाव्या अध्यायात वाग्दत्त कुमारिकेसंबंधीचा नियम आहे. घटना नगरात घडली आणि मुलगी ओरडली नाही, तर तीही दोषी. घटना रानात घडली, तर मात्र पुरुष एकटाच दोषी. कारण ती ओरडली असेल आणि सोडवायला कोणी नसेल, असे नियमशास्त्र स्वतःहून गृहीत धरते. या नियमाचा एक अर्धा भाग कठोर आहे, तर दुसऱ्या अर्ध्या भागात संशयाचा फायदा स्त्रीला दिला आहे. पुढच्या शतकांनी कठोर भाग उचलला. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये तक्रारदार स्त्रीने तत्काळ जवळच्या गावी जाऊन आकांत करावा, फाटलेली वस्त्रे आणि रक्त दाखवावे, अशी अपेक्षा होती. सतराव्या शतकातील इंग्लंडचे मुख्य न्यायाधीश सर मॅथ्यू हेल यांनी आपल्या ग्रंथात लिहून ठेवले की, हा आरोप करणे सोपे, सिद्ध करणे कठीण आणि निर्दोष माणसाला तो खोडून काढणे त्याहून कठीण. स्त्रीने तक्रार करण्यास विलंब लावला, किंवा ऐकू जाण्यासारख्या ठिकाणी असूनही आरडाओरडा केला नाही, तर तिच्याविरुद्ध प्रबळ अनुमान निघते, असेही त्यांनी सांगितले. हेल यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १७३६ साली प्रसिद्ध झाला आणि इंग्रजी कायद्याबरोबर त्यातील संशय आपल्या देशात आला. १८७२ च्या पुरावा कायद्यात तर अशी तरतूदच होती की, बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी स्त्री सर्वसाधारणपणे अनैतिक चारित्र्याची आहे, असे दाखविता येईल. ही तरतूद रद्द व्हायला २००२ सालचा शेवट उजाडावा लागला. १३० वर्षे ती जिवंत होती.

मराठी मुलखाची स्वतःची परंपरा काय होती? येथे हमखास उल्लेख होतो तो रांझे गावच्या पाटलाचा. २८ जानेवारी १६४६ या तारखेच्या पत्रावरून दिसते की, या पाटलाकडून ‘बदअमल’ घडला म्हणून शिवाजी महाराजांनी त्याचे हातपाय तोडविले. महाराजांचे वय तेव्हा सोळाच्या आसपास होते. गावच्या वतनदारालाही शिक्षा होऊ शकते, हे रयतेला दिसले आणि म्हणूनच ती आठवण पिढ्यान्पिढ्या टिकली. परंतु इतिहासाचा अभ्यासक तेच पत्र दुसऱ्या बाजूनेही वाचतो. गुन्हा ‘बदअमल’ या एका शब्दात आटोपला आहे. पुढचा व्यवहार शिक्षेचा आणि वतनाचा. जिच्यावर प्रसंग गुदरला तिचे पुढे काय झाले, तिला कोणी धीर दिला, हे आपल्याला कळत नाही. आजही एखादी घटना घडली की चौकाचौकांतून ‘हातपाय तोडा’ अशी मागणी होते. शिक्षेची आठवण आपण जपली. पीडितेचे ऐकून घेण्याची रीत मात्र आपल्याला नव्याने शिकावी लागत आहे.

ही रीत शिकविणारे एक नाव वढूच्या शेजारच्या दौंड तालुक्यातच आहे, ते म्हणजे केडगावच्या पंडिता रमाबाईंचे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात हिंडल्या. निराधार स्त्रियांसाठी उघडलेल्या सरकारी आश्रयस्थानांत, ज्यांच्या हाती त्यांचे रक्षण सोपविले होते त्यांच्याकडूनच तरुण स्त्रियांना धोका आहे, हे त्यांनी पाहिले आणि लिहिले. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला. तेथील प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांच्या अब्रूची काळजी घेतली जात नाही, असे त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रातून जाहीरपणे मांडले. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी ते आरोप फेटाळून लावले. रमाबाई थांबल्या नाहीत. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी शेकडो स्त्रियांना आणले आणि ज्यांना समाज ‘पतित’ म्हणत असे त्यांच्यासाठी ‘कृपासदन’ हा वेगळा विभाग चालविला. आधी अन्न, औषध, झोप आणि सुरक्षित भिंती; मग शिक्षण आणि हाताला काम. दुखावलेल्या जिवाला प्रथम सुरक्षिततेची गरज असते, ही गोष्ट मानसशास्त्राने सिद्ध करण्यापूर्वी त्यांनी आचरणात आणली होती.

आता या इतिहासाच्या मध्यभागी असलेल्या प्रकरणाकडे वळू. ते घडले महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, वैनगंगेच्या खोऱ्यातील देसाईगंज म्हणजेच वडसा येथे. गाव तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते. १९८२ पासून ते गडचिरोली जिल्ह्यात आहे. २६ मार्च १९७२ ची रात्र. आईवडील नसलेली, भावाबरोबर मोलमजुरी करून राहणारी एक मुलगी. वैद्यकीय अंदाजाप्रमाणे तिचे वय १४ ते १६. जेथे ती कामाला जाई, तेथील एका तरुणाशी लग्न करण्याची तिची इच्छा होती. भावाला ते मान्य नव्हते. बहिणीला पळविले, अशी तक्रार त्याने केली आणि रात्री नवाच्या सुमारास सर्वांना ठाण्यात आणले गेले. जबाब होईपर्यंत साडेदहा वाजले. हेड कॉन्स्टेबल निघून गेले. बाकीचे बाहेर पडू लागले, तेव्हा मुलीला थांबण्यास सांगण्यात आले. ठाण्यातील दिवे मालवले गेले, दार बंद झाले. बाहेर नातेवाईक हाका मारीत उभे होते, हळूहळू गर्दी जमली. मुलगी बाहेर आली आणि एका शिपायाने आपल्यावर बलात्कार केला व दुसऱ्याने विनयभंग केला, असे तिने तेथेच सांगितले.

तिची वैद्यकीय तपासणी दुसऱ्या दिवशी रात्री आठ वाजता झाली. शरीरावर जखमेची खूण आढळली नाही. पुढची सहा वर्षे हा खटला या एका वाक्याभोवती फिरला.

१ जून १९७४ रोजी सत्र न्यायाधीशांनी दोघांना निर्दोष ठरविले. मुलगी खोटारडी आहे, तिला शरीरसंबंधाची सवय होती आणि जे घडले ते तिच्या संमतीने घडले, असा त्यांच्या निकालाचा आशय होता. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हा निकाल फिरविला. भीतीने वा धाकाने शरीर निमूटपणे स्वाधीन करणे निराळे आणि इच्छेने संमती देणे निराळे, असा विवेक या निकालात होता. एका शिपायाला पाच वर्षांची व दुसऱ्याला एक वर्षाची शिक्षा झाली. परंतु १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या त्रिसदस्य पीठाने दोघांनाही मुक्त केले. जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार केल्याचे सांगणे खोटे. भाऊ जवळ असताना तिने आरडाओरडा केला नाही, म्हणजे भीतीही नव्हती. सारे शांततेत पार पडले, असा तो युक्तिवाद होता.

ठाणे बंद, दिवे मालवलेले, समोर गणवेशातील दोन पुरुष आणि आत एक अनाथ मजूर मुलगी. यांतील प्रत्येक गोष्ट न्यायालयासमोर होती. तरीही तिच्या मौनाचा अर्थ ‘संमती’ असा लावला गेला. विशेष म्हणजे त्याच वर्षी, एप्रिल १९७८ मध्ये, नंदिनी सत्पथी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच स्त्री साक्षीदाराला चौकशीसाठी ठाण्यात बोलावणे कायद्याला धरून नाही, असे बजावले होते.

पुढे जे घडले ते भारतीय कायद्याच्या इतिहासात अपूर्व होते. १६ सप्टेंबर १९७९ रोजी कायद्याच्या चार प्राध्यापकांनी भारताच्या सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर व लतिका सरकार हे दिल्लीचे, तर वसुधा धागमवार पुण्याच्या. सरन्यायाधीश होते यशवंतराव चंद्रचूड, तेही मूळचे पुण्याचे. पोलिसांच्या ताब्यातील अल्पवयीन मुलीने आरडाओरडा करावा, ही अपेक्षा न्यायालयाने कशाच्या आधारे केली, असा पत्राचा रोख होता. पत्राच्या प्रती हातोहाती गेल्या. जानेवारी १९८० मध्ये मुंबईत बलात्कारविरोधी मंच स्थापन झाला, ८ मार्चला शहरोशहरी स्त्रिया रस्त्यावर आल्या. निकालाचा फेरविचार झाला नाही, परंतु कायदा बदलला. १९८३ चा सुधारणा कायदा त्या वर्षी २५ डिसेंबरला अमलात आला. पोलिसाने वा अन्य सरकारी नोकराने ताब्यातील स्त्रीवर केलेला बलात्कार हा अधिक गंभीर गुन्हा ठरला. अशा प्रकरणी शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने तसे गृहीत धरावे, असे ठरले. सुनावणी बंद दालनात व्हावी आणि पीडितेची ओळख प्रकट करू नये, असेही बंधन आले.

या शेवटच्या तरतुदीविषयी थोडे थांबून विचार करावा. न्यायालयीन दफ्तरात हे प्रकरण एका शिपायाच्या नावाने नोंदलेले आहे. लोकांच्या तोंडी मात्र ते त्या मुलीच्या नावाने प्रसिद्ध झाले. आंदोलन करणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता, यात शंका नाही. तरीही आपल्या नावाचे काय व्हावे, हे त्या मजूर मुलीला कोणी विचारले असेल, असे वाटत नाही. म्हणून या लेखात तिचे नाव लिहिलेले नाही.

योगायोग असा की, देसाईगंजची घटना ज्या वर्षी घडली त्याच वर्षी, १९७२ मध्ये, अमेरिकेत बॉस्टन येथील सार्वजनिक रुग्णालयात दोन स्त्रियांनी एक अभ्यास सुरू केला. परिचारिका व मानसोपचाराच्या अभ्यासक ॲन बर्जेस आणि समाजशास्त्रज्ञ लिंडा होल्मस्ट्रॉम यांनी ठरविले की, बलात्कारानंतर रुग्णालयात येणाऱ्या प्रत्येक स्त्रीला, रात्र असो वा दिवस, आपण स्वतः भेटायचे. १९७४ साली त्यांनी ९२ प्रौढ स्त्रियांवरून काढलेले निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही स्त्रिया रडत होत्या, थरथरत होत्या. जवळजवळ तितक्याच स्त्रिया मात्र शांत बसल्या होत्या. चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हते. आघात दोघींवरही सारखाच होता. ज्या काळात आपल्याकडे एका मुलीचे मौन तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभे केले जात होते, त्याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला तेच मौन आघाताचे लक्षण म्हणून नोंदले जात होते.

पुढील संशोधनाने यात भर घातली. प्राणसंकटात मनुष्य लढतो किंवा पळतो, असे पूर्वी मानत. तिसरी अवस्था आहे ती गोठण्याची. हातपाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही. आपल्या भाषेने हे केव्हाच ओळखले आहे. ‘पाचावर धारण बसली’, ‘वाचा बसली’, ‘पाय जमिनीला खिळले’ हे वाक्प्रचार आपण सापाविषयी व वाघाविषयी सहज वापरतो. स्त्री तेच सांगू लागली की आपल्याला नवल वाटते. २०१७ साली स्टॉकहोम येथे प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बलात्कारानंतर महिन्याच्या आत विशेष दवाखान्यात आलेल्या २९८ स्त्रियांपैकी ७० टक्के स्त्रियांनी लक्षणीय आणि ४८ टक्के स्त्रियांनी अतितीव्र प्रमाणात असे गोठणे अनुभवल्याचे सांगितले. ते इच्छेने केलेले कृत्य नसते. म्हणून त्याला संमती म्हणता येत नाही आणि भ्याडपणाही म्हणता येत नाही.

स्मरणाचेही तसेच. तीव्र भयाच्या क्षणी काही तपशील मनावर कोरले जातात : एखादा वास, छताचा रंग, दाराची कडी. परंतु घटनांचा क्रम, नेमकी वेळ, किती मिनिटे लोटली, हे विस्कटते. दोन झोपा झाल्यावर एखादी गोष्ट नव्याने आठवते. म्हणून पहिल्या रात्रीचा जबाब तुटक असतो आणि चौथ्या दिवशी त्यात भर पडते. हे न जाणणारा अंमलदार म्हणतो, ‘ही रोज नवे सांगते.’ बचावाचा वकील न्यायालयात त्याला ‘सुधारणा’ म्हणतो आणि खटला तेथेच खचतो.

पोलिसांनी हे ज्ञान आत्मसात करावे, ही मागणी प्रथम जोराने उठली ती इंग्लंडमध्ये. जानेवारी १९८२ मध्ये बी. बी. सी. दूरचित्रवाणीवर थेम्स व्हॅली पोलिसांविषयीचा रॉजर ग्रेफ यांचा एक माहितीपट दाखविण्यात आला. त्यात बलात्काराची तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीला तीन पुरुष अधिकारी दरडावून, टर उडवून प्रश्न विचारीत आहेत, हे सर्व देशाने पाहिले. कोणी तिला मारले नव्हते. तरीही पाहणाऱ्यांच्या लक्षात आले की, गुन्ह्यानंतरचा हा दुसरा आघात आहे आणि तो कायद्याच्या रक्षकांकडून होत आहे. पुढे तेथे पोलिसांसाठी मार्गदर्शक सूचना निघाल्या. १९८६ साली मँचेस्टर येथील सेंट मेरी रुग्णालयात तपासणी, समुपदेशन आणि पोलिसी जबाब एकाच छताखाली होतील असे केंद्र उघडले.

महाराष्ट्रही मागे नव्हता, हे अभिमानाने सांगावेसे वाटते. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयातच स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तेथे प्रशिक्षित समाजसेविका बसू लागल्या. पुढे राज्य शासनाने हा उपक्रम जिल्होजिल्ही नेला. २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने ‘दिलासा’ केंद्र काढले. २ ऑक्टोबर २०१३ पासून पीडितांच्या साह्यासाठी ‘मनोधैर्य’ योजना सुरू झाली. त्याआधी, डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील घटनेनंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने अवघ्या महिन्याभरात अहवाल दिला होता आणि २०१३ च्या कायद्याने देसाईगंजच्या निकालाला खऱ्या अर्थाने उत्तर दिले. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून संमती होती असे मानता येणार नाही, हे वाक्य कायद्याच्या व्याख्येत आले. अवमानकारक अशा ‘दोन बोटांच्या चाचणी’विषयी ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कडक आदेश दिला. तो निकाल लिहिणारे धनंजय चंद्रचूड हे त्या यशवंतरावांचे पुत्र. पित्याला लिहिलेल्या पत्रातील काही प्रश्नांची उत्तरे ४३ वर्षांनी पुत्राच्या लेखणीतून आली, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत या साऱ्याचे सार आहे. पीडितेची खबर स्त्री अधिकाऱ्याने नोंदवावी. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याने तक्रार घ्यावी. जबाब तिच्या घरी किंवा ती सांगेल त्या ठिकाणी, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने, आईवडील, नातेवाईक वा समाजसेवक यांच्या उपस्थितीत घ्यावा. वैद्यकीय तपासणी तिच्या संमतीने आणि खबर मिळाल्यापासून २४ तासांच्या आत व्हावी. रुग्णालयाने विनामूल्य उपचार करावेत. तपासाची प्रगती तिला ९० दिवसांत कळवावी. आणि अशा गुन्ह्याची खबर न नोंदविणाऱ्या अधिकाऱ्याला भारतीय न्याय संहितेखाली कारावास होऊ शकतो.

मग उणीव कोठे आहे? उणीव आहे ती टेबलाच्या त्या दोन हातांच्या अंतरात. कल्पना करा. सणसवाडी-रांजणगावच्या कारखान्यांत कामाला आलेली, खोली भाड्याने घेऊन राहणारी कोणी परगावची स्त्री रात्री अकरा वाजता ठाण्याची पायरी चढते. वढू बुद्रुक शिक्रापूर ठाण्याच्या हद्दीत येते. तेथे असो की अन्यत्र, ठाणे अंमलदाराच्या पहिल्या पाच मिनिटांत पुष्कळ काही ठरून जाते. कायद्याचे कलम त्याला सांगते की, नोंद कर. नोंद कशी करावी, हे आघाताचे भान सांगते. तिला वर्दळीपासून दूर बसवावे, पाणी द्यावे. ‘आता तुम्ही सुरक्षित आहात’ एवढे वाक्य उच्चारावे. पुढे काय काय होणार, हे आधी सांगावे आणि जेथे निवड शक्य असेल तेथे निवड तिच्यावर सोपवावी. कारण तिच्यापासून प्रथम हिरावला गेला तो निवडीचा हक्कच. ‘का’ने सुरू होणारे प्रश्न टाळावेत. ‘तू तेथे का गेलीस’ या प्रश्नात आरोप असतो. ‘तुम्हाला जे आठवते ते, जसे आठवते तसे सांगा’ यात आधार असतो. मध्ये तोडू नये. प्रथम खबरीपुरती हकीकत घ्यावी, सविस्तर जबाब विश्रांतीनंतर घ्यावा आणि पाच जणांपुढे पाच वेळा तीच कथा सांगायला लावू नये. ती रडली तर ते लिहावे. ती गप्प राहिली, सुन्न दिसली, तर तेही लिहावे. कारण उद्या न्यायालयात तोच पुरावा होईल.

येथे काही वाचक एक आक्षेप घेतील आणि तो रास्त आहे. स्त्री सांगते ते सर्व पोलिसांनी निमूट मानावे काय? खोट्या आरोपात एखादा निरपराध माणूस अडकला तर? त्याचे उत्तर असे की, शांतपणे ऐकणे म्हणजे निकाल देणे नव्हे. आरोपी दोष सिद्ध होईपर्यंत निर्दोष आहे, हे तत्त्व अबाधितच राहिले पाहिजे. सुन्नपणा हा बलात्कार झाल्याचा पुरावा नाही, तसाच तो न झाल्याचाही नाही. नीट घेतलेला जबाब खऱ्याला जसा उपयोगी पडतो, तसाच खोट्यालाही उघडा पाडतो. दरडावून घेतलेला जबाब मात्र दोघांनाही निरुपयोगी करतो. तेव्हा ही पद्धती दयेची आहे तितकीच चोख तपासाचीही आहे.

आणखी एक गोष्ट केवळ पोलिसांवर सोपवून चालणार नाही. पीडित स्त्री ठाण्यात पोहोचण्यापूर्वी कोणाजवळ तरी बोललेली असते. बहीण, मैत्रीण, शेजारीण, शिक्षिका, धर्मभगिनी किंवा धर्मगुरू. पहिला जबाब वास्तविक तेथेच होतो. तेथे जर ‘हे कोणाला सांगू नकोस’ किंवा ‘तू ओरडली का नाहीस’ असे शब्द तिच्या कानी पडले, तर उत्तमातला उत्तम पोलीस अधिकारीही तिच्यापर्यंत कधी पोहोचत नाही. धर्मग्रामातील महिला मंडळांनी व युवक संघांनी आपल्या हद्दीतील ठाण्याची, सरकारी रुग्णालयाची आणि जिल्ह्याच्या ‘सखी’ केंद्राची माहिती करून घ्यावी. अशा स्त्रीबरोबर ठाण्यात जाऊन तिच्याशेजारी बसणारे एक माणूस असले, तरी कायद्यातील निम्म्या तरतुदी आपोआप जाग्या होतात. तिच्या इच्छेविना मात्र कोणी पाऊल पुढे टाकू नये आणि समझोत्याची भाषा तर मुळीच काढू नये.

देसाईगंजच्या त्या रात्री बाहेर गर्दी जमली होती, हाका मारल्या जात होत्या. आवाज नव्हता असे नाही. बंद दाराच्या बाहेर तो होता आणि दार उघडल्यावर त्या मुलीनेही आपला आवाज काढला, गर्दीसमोर, त्याच ठाण्याच्या पायरीवर. जे घडले ते तिने सांगितले. तिच्या वयाच्या, तिच्या परिस्थितीतील मुलीने याहून अधिक काय करायला हवे होते? सहा वर्षे आणि तीन न्यायालये ‘ती ओरडली का नाही’ याचा शोध घेत राहिली. ती बोलली होती, हे मात्र कागदावर पहिल्या दिवसापासून होते.